विजेच्या वायरमधूनच इंटरनेट? सोसायटीत पॉवरलाइन अडॅप्टर कधी चालतो आणि कधी फसतो?

चिपळूणहून कराडला निघालं की कुंभार्ली घाट चढायच्या आधी पोफळी लागतं. घाटमाथ्यावरच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून साडेचारशे मीटरहून अधिक खाली उतरतं आणि इथल्या भूमिगत वीजगृहातली जनित्रं फिरवतं. कोयना प्रकल्पाचा पहिला टप्पा १९६२ मध्ये इथे सुरू झाला. पहिल्या दोन टप्प्यांची मिळून ६०० मेगावॉट वीज आजही याच डोंगरातून बाहेर पडते.

आणि याच परिसरात, हॉलमध्ये फायबरचा राउटर बसवलेला असताना, आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल सुरू केला की समोरच्याचा चेहरा गोठतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

दोष राउटरचा असतोच असं नाही. कोकणात बरीच बांधकामं जांभ्या चिऱ्याची. भिंत जाड, दगड सच्छिद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने तो ओल धरून ठेवणारा. वायफायच्या लहरींना पाणी अजिबात मानवत नाही. नव्या इमारतीत चिऱ्याच्या जागी काँक्रीट आणि सळया येतात, त्या वेगळ्या तऱ्हेने तोच त्रास देतात. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान बँड तर दोन भिंतींतच थकतो.

मग कुणीतरी यूट्यूबवर एक व्हिडिओ पाठवतं. त्यात एक जण राउटरजवळच्या प्लगमध्ये एक पांढरी डबी खुपसतो, दुसरी डबी बेडरूमच्या प्लगमध्ये, आणि इंटरनेट सुरू! ना वायर ओढायची, ना भिंत फोडायची. ही जादू घरात आधीपासून असलेल्या विजेच्या वायरिंगवर चालते, असं तो सांगतो.

जादू खरी आहे. पण आपल्याकडच्या बिल्डिंगमध्ये ती चालेलच असं नाही. काही हजार रुपये खर्च करण्याआधी आत नेमकं काय घडतं, हे समजून घेतलेलं बरं.

ही कल्पना नवी नाही, टॉवरच्या लाइनवर ती कधीचीच आहे

विजेच्या तारेतून निरोप पाठवायची युक्ती वीज मंडळांना फार जुनी ठाऊक आहे. पोफळीसारख्या ठिकाणाहून निघालेली २२० केव्हीची लाइन डोंगरदऱ्या ओलांडत दूरच्या उपकेंद्रापर्यंत जाते. या टोकाच्या ऑपरेटरला त्या टोकाशी बोलायचं असतं. लाइनवर बिघाड झाला तर पलीकडचा ब्रेकर क्षणार्धात पडावा म्हणून इशाराही पाठवायचा असतो. त्या काळात यासाठी वेगळी टेलिफोन लाइन जंगलातून नेणं महागही होतं आणि बेभरवशाचंही. मग जी तार टॉवरवर आधीच टांगलेली आहे, तिच्यावरूनच आवाज का पाठवू नये?

याला पॉवर लाइन कॅरियर कम्युनिकेशन म्हणतात, वीज कर्मचाऱ्यांच्या तोंडी 'पीएलसीसी'. मोठ्या उपकेंद्राच्या कुंपणाबाहेरून पाहिलं तर जिथे लाइन आत शिरते तिथे तारेच्या वाटेत पिंपासारखं एक वेटोळं टांगलेलं किंवा खांबावर उभं केलेलं दिसतं. त्याचं नाव वेव्ह ट्रॅप. वीज त्यातून आरामात जाते, पण निरोपाची लहर मात्र तिथेच अडते. अडलेली लहर शेजारच्या कपॅसिटरमधून खाली उतरते आणि कंट्रोल रूममधल्या यंत्रापर्यंत पोचते. आता टॉवरच्या सर्वांत वरच्या तारेतच ऑप्टिकल फायबर घातलेली असते, त्यामुळे पीएलसीसीचं महत्त्व घटलं आहे. पण तत्त्व तेच राहिलं.

घरातली पांढरी डबी म्हणजे या व्यवस्थेची खिशात मावणारी आवृत्ती.

एका तारेवर दोन गोष्टी एकमेकींत मिसळत कशा नाहीत?

वाशिष्ठीचं पाणी संथ वाहत असतं तेव्हा वाऱ्याने त्याच्यावर बारीक तरंग उठतात. प्रवाह प्रवाहाच्या जागी, तरंग तरंगांच्या जागी. पाहणाऱ्याला दोन्ही वेगळे ओळखू येतात.

आपल्या प्लगमधली २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. अडॅप्टर जी लहर तिच्यावर चढवतो ती सेकंदाला साधारण २० लाख ते ३ कोटी वेळा हेलकावते, म्हणजे २ ते ३० मेगाहर्ट्झ. नव्या पिढीचे अडॅप्टर ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. दोघींमधलं अंतर इतकं अफाट आहे की अडॅप्टरमधला एक छोटा कपॅसिटर त्यांना सहज वेगळं करतो. संथ हेलकावा अडवायचा आणि वेगवान लहर आत घ्यायची, एवढंच त्याचं काम.

अडॅप्टर सगळा डेटा एकाच लहरीवर लादत नाही. होमप्लग एव्ही या २००५ च्या मानकात २ ते २८ मेगाहर्ट्झची पट्टी एक हजाराहून अधिक बारीक पट्ट्यांत वाटली आहे. घाटात एकच मोठा ट्रक नेण्याऐवजी हजार छोट्या गाड्या सोडाव्यात, तसं. ज्या पट्टीवर गोंगाट जास्त, तिच्यावर माल कमी लादायचा. जी स्वच्छ, तिच्यावर भरपूर. दोन्ही अडॅप्टर आपसात सतत ही चाचपणी करत असतात. म्हणून तर स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की वेग पडतो आणि बंद झाला की परत वर येतो.

या पट्ट्यांतल्या काही मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात, कारण त्या हॅम रेडिओवाल्यांच्या आहेत. घरभर पसरलेली वायरिंग एखाद्या अँटेनासारखी वागते आणि शेजारच्या हौशी रेडिओवाल्याच्या कानात खरखर घालू शकते. त्यांची या तंत्रावरची नाराजी जुनी आहे, आणि अगदीच अनाठायी नाही.

अंतर भिंतीचं नाही, वायरचं

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो.

समजा चिपळुणातल्या एका चार मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन भावांचे दोन फ्लॅट आहेत, शेजारी-शेजारी. मधे फक्त एक भिंत. एका फ्लॅटमध्ये फायबर आहे. दुसऱ्यात अडॅप्टर लावून तेच नेट घेता येईल का? डोळ्यांना दिसतं ते अंतर नऊ इंच.

विजेला ते तसं दिसत नाही. पहिल्या फ्लॅटची वायर बेडरूममधून घरातल्या एमसीबीच्या डबीत येते, तिथून डक्टमधून चार मजले खाली मीटर रूममध्ये, तिथे मीटर आणि फ्यूज ओलांडून मुख्य पट्टीवर. मग दुसऱ्या फ्लॅटचा फ्यूज, दुसरा मीटर, पुन्हा चार मजले वर, पुन्हा एमसीबी, आणि मग कुठे भावाच्या हॉलचा प्लग. नऊ इंचांचे झाले ४०-५० मीटर. वाटेत डझनभर सांधे आणि दोन मीटर. प्रत्येक सांध्यावर लहर थोडी गळते आणि थोडी उलटी फिरते.

अडॅप्टरच्या खोक्यावर '३०० मीटर' असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण ते स्वच्छ आणि सलग वायरवरचं माप आहे. आपल्या मीटर रूममध्ये जे असतं त्याला स्वच्छ म्हणणं कठीण आहे.

शिवाय फेजचा प्रश्न आहेच. रस्त्यावरची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीची वीज उतरवून बिल्डिंगला तीन फेज देते. मीटर रूममध्ये या तीन फेज फ्लॅट्समध्ये वाटल्या जातात, जेणेकरून एकाच फेजवर सगळा भार येऊ नये. म्हणजे एका भावाचा फ्लॅट लाल फेजवर आणि दुसऱ्याचा पिवळ्या फेजवर असू शकतो. या दोन तारा इमारतीत एकमेकींना कुठेही जोडलेल्या नसतात. तरीही थोडी लहर पलीकडे जाते, कारण वायरी एकाच पाइपमधून चिकटून धावतात आणि ती उडी मारते. पण तिच्या भरवशावर ऑनलाइन परीक्षा द्यायला बसू नये.

उलट एकाच फ्लॅटच्या आत चित्र बरंच आशादायक असतं. बहुतेक फ्लॅटना सिंगल फेज कनेक्शन असतं, म्हणजे हॉल, बेडरूम आणि किचन सगळे एकाच फेजवर. अंतर १५-२० मीटर, वाटेत दोन एमसीबी. अडॅप्टर नेमका यासाठीच बनला आहे.

मोठ्या फ्लॅटला किंवा बंगल्याला थ्री फेज मीटर असेल तर मात्र आधी खोल्यांचा हिशेब लावावा. हे ओळखायची एक घरगुती खूण आहे. कोकणात पावसाळ्यात 'एक फेज गेली' हे वाक्य वर्षातून अनेकदा ऐकू येतं. अशा वेळी घरातल्या कुठल्या खोल्या अंधारात गेल्या आणि कुठल्या सुरू राहिल्या, हे पाहून ठेवावं. हॉल उजेडात आणि बेडरूम अंधारात असेल तर त्या दोन खोल्या वेगळ्या फेजवर आहेत, आणि त्यांच्यात अडॅप्टर नीट बोलणार नाहीत. वायरमनकडून एक सर्किट दुसऱ्या फेजवर घेता येतं, पण ते काम त्याचंच आहे. टेस्टर घेऊन स्वतः डबी उघडायची हौस इथे नको.

गोंगाट कोण करतं?

विजेची वायरिंग बोलण्यासाठी बनलेली नाही. ती पंखे आणि गिझर चालवण्यासाठी बनली आहे, आणि तिच्यावर जोडलेली प्रत्येक वस्तू आपापला आवाज करते.

सर्वांत मोठा आवाज सहसा सर्वांत स्वस्त वस्तूचा असतो. रस्त्यावर मिळणारा मोबाइल चार्जर, बिनकंपनीचा एलईडी बल्ब, गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक पंख्याचा रेग्युलेटर. यांच्या आतलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतं-जोडतं, आणि गाळणी न बसवून पैसे वाचवलेले असतील तर तो सगळा कचरा वायरीत परत ओततं. अडॅप्टरच्या शेजारच्याच प्लगमध्ये असा चार्जर असेल तर वेग निम्म्यावर आलेला दिसू शकतो. चार्जर काढला की परत जागेवर. नेट अचानक मंद झालं तर कंपनीला फोन लावण्याआधी हा प्रयोग करून पाहावा. फुकट आहे.

स्पाइक गार्डची गोष्ट उलटी. तो आवाज करत नाही, तो आवाज खातो. चांगल्या स्पाइक गार्डमध्ये उच्च वारंवारतेच्या लहरी अडवणारी गाळणी असते, आणि अडॅप्टरची लहर त्याच्या दृष्टीने कचराच! म्हणून अडॅप्टर नेहमी थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावायचा, एक्स्टेंशन बोर्डवर नाही. घरात पॉवरलाइन फसल्याच्या तक्रारींपैकी कितीतरी या एका बदलाने मिटतात. काही अडॅप्टरना पुढच्या बाजूला स्वतःचा सॉकेट असतो. स्पाइक गार्ड त्यात लावता येतो, म्हणजे कचराही गाळला जातो आणि प्लगही अडकून पडत नाही.

बिल्डिंगच्या पातळीवर खरा खलनायक पाण्याचा पंप आणि लिफ्ट. सोसायटीला गेटवरचा सीसीटीव्ही ऑफिसपर्यंत आणायचा असतो आणि कुणीतरी पॉवरलाइन सुचवतं. कल्पना वाईट नाही. जिना, पार्किंग, गेट हे सगळं 'कॉमन'च्या एकाच मीटरवर असतं, त्यामुळे मधे दुसऱ्याचा मीटर येत नाही. पण त्याच मीटरवर पंपही असतो आणि लिफ्टही. नव्या लिफ्टची मोटर ज्या ड्राइव्हवर चालते, ती भरपूर गोंगाट करते. मग सकाळी सहाला पंप सुरू झाला की कॅमेरा जातो. आणि नेमकी सकाळीच दुधाच्या पिशव्यांची चोरी होत असेल, तर हा कॅमेरा कुणाच्या उपयोगाचा? सीसीटीव्हीसाठी साधी केबल ओढणं हेच शहाणपणाचं.

इन्व्हर्टर असलेलं घर

परदेशी व्हिडिओंत हा विषय कधीच येत नाही, कारण तिथे घराघरांत इन्व्हर्टर नसतो. आपल्याकडे लाईट जाणं हा ऋतुमानाचा भाग आहे आणि राउटर तर हमखास इन्व्हर्टरवरच्या पॉइंटला असतो.

वीज असते तेव्हा इन्व्हर्टर ती फक्त पुढे ढकलतो, पण ती त्याच्या पेटीतून फिरून जाते. तिथे लहर अशक्त होते, काही इन्व्हर्टरमध्ये बरीचशी गाळली जाते. म्हणजे एक अडॅप्टर इन्व्हर्टरवरच्या पॉइंटला आणि दुसरा साध्या पॉइंटला असेल, तर आधीच एक अडथळा आहे. लाईट गेल्यावर साध्या पॉइंटवरचा अडॅप्टर बंदच पडतो. राउटर सुरू, नेट सुरू, आणि बेडरूममध्ये काहीच नाही.

उपाय एकच: दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरवरच्या पॉइंटला हवेत. अनेक घरांत इन्व्हर्टरवर फक्त दिवे, पंखे आणि हॉलमधला एखादा प्लग दिलेला असतो, बेडरूमचा प्लग नाही. तो आधी घालून घ्यावा लागतो. त्यातही इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर बॅटरीवर चालताना त्याचा गोंगाट मोठा असतो. साइन वेव्हवर परिस्थिती बरी असते. घरून काम करणाऱ्यासाठी हा किरकोळ मुद्दा नाही. गावी परत येऊन मुंबई-पुण्याची नोकरी सांभाळणाऱ्याला नेट नेमकं लाईट गेल्यावरच लागतं, कारण तेव्हा मीटिंग थांबलेली नसते.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर '६००' किंवा '१०००' लिहिलेलं असतं. हा आकडा दोन्ही दिशांचा मिळून, प्रयोगशाळेतला आणि वायरवरचा कच्चा वेग आहे. प्रत्यक्षात चांगल्या वायरिंगवरही त्याचा लहानसा हिस्साच हाती येतो. गंमत म्हणजे ६०० लिहिलेल्या कित्येक अडॅप्टरच्या नेटवर्क पोर्टची मर्यादाच १०० एमबीपीएस असते. त्यातून ६०० जाणं शक्यच नाही.

तरी निराश व्हायचं कारण नाही. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, एचडी व्हिडिओला पाचेक. बेडरूममध्ये स्थिर ३० मिळाले तरी बहुतेक घरांचं काम भागतं. 'स्थिर' हा शब्द महत्त्वाचा, कारण कॉल तुटतो तो कमी वेगाने नाही, वर-खाली होणाऱ्या वेगाने.

शेजाऱ्याच्या प्लगमध्ये आपलं नेट?

आता तो मुद्दा, जो दुकानदार सांगत नाही आणि सोसायटीत राहणाऱ्याने आधी विचारायला हवा.

मघाशी म्हटलं की मीटरमधून लहर अशक्त होऊन जाते. अशक्त होते, थांबत नाही. मीटर ही भिंत नाही. वरच्या किंवा शेजारच्या फ्लॅटचा मीटर त्याच फेजवर असेल, तर आपल्या अडॅप्टरची लहर त्यांच्या प्लगपर्यंत पोचू शकते. तिथे कुणी त्याच मानकाचा अडॅप्टर लावला तर?

या अडॅप्टरमध्ये १२८ बिटचं एईएस एन्क्रिप्शन असतं, आणि ते भक्कम आहे. पण कुलूप भक्कम असून किल्ली सगळ्यांकडे सारखी असेल तर काय उपयोग? नव्या खोक्यातले अडॅप्टर लगेच सुरू व्हावेत म्हणून होमप्लगच्या मानकात कारखान्यातून एकच ठरावीक नेटवर्क नाव घातलेलं असतं. दोन फ्लॅटमधल्या दोन कुटुंबांनी दोन जोड्या आणल्या आणि फक्त प्लगमध्ये खुपसल्या, तर चारही डब्या स्वतःला एकाच घरातल्या समजू शकतात. मग शेजाऱ्याचा टीव्ही आपल्या नेटवर्कवर दिसतो. त्यांनाही आपला प्रिंटर, आपला कॅमेरा आणि शेअर केलेले फोल्डर दिसू शकतात. यात कुणाचा वाईट हेतू असायचीही गरज नाही.

यावरचा इलाज अडॅप्टरवरच असतो आणि तो करायला मिनिटभर लागतं. 'पेअर' लिहिलेलं बटण आधी एका डबीवर दाबायचं, मग दोन मिनिटांच्या आत दुसरीवर. त्या क्षणी दोघी मिळून नवी किल्ली तयार करतात, जी तिसऱ्या कुणाकडे नसते. नंतर तिसरी डबी आणली तर तीही अशीच जोडायची. हे बटण न दाबताही नेट चालतं, म्हणूनच बहुतेक लोक ते दाबत नाहीत.

किल्ली बदलली तरी रस्ता मात्र सामायिकच राहतो. एकाच बिल्डिंगमध्ये चार-पाच घरांत पॉवरलाइन असेल तर सगळ्यांच्या लहरी त्याच तारांवर दाटी करतात आणि सगळ्यांचाच वेग थोडा-थोडा कमी होतो. आपल्याकडे हे अडॅप्टर वापरणारे मुळातच थोडे असल्यामुळे सध्या ही अडचण फारशी जाणवत नाही.

दोन भावांनी एकच कनेक्शन वाटून घेण्याबद्दलही इथेच सांगायला हवं. अनेक इंटरनेट कंपन्यांच्या अटींमध्ये कनेक्शन नोंदवलेल्या पत्त्याबाहेर देण्याची मनाई असते, आणि त्या कनेक्शनवरून जे काही होतं त्याची विचारणा ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्याकडेच होते. भाऊ असला तरी.

परदेशातल्यांना चालतं, मग आपल्याला का नाही?

लंडन किंवा जर्मनीत राहणारा कुणी नातेवाईक 'आमच्याकडे मस्त चालतं' असं सांगतो, आणि तो खरंच सांगत असतो. ब्रिटनमधल्या सुट्या घरांत प्लगची वायर खोल्यांभोवती कड्यासारखी फिरते, मीटर एकट्या घराचा असतो आणि अर्थिंग भरवशाचं असतं.

हा अर्थिंगचा मुद्दा वेगाशीही जोडलेला आहे. महागडे अडॅप्टर फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तिसरी तारही डेटासाठी वापरतात. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे कधी वायरच नसते, कधी असते पण जमिनीपर्यंत पोचत नाही. तिथे जास्तीचे पैसे देऊन घेतलेली ही सोय वाया जाते.

प्लगचंही तसंच. बाहेरून मागवलेल्या अडॅप्टरला युरोपातली गोल दोन पिनांची जोडी असू शकते. ती आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये शिरते, पण तिची पिन ४ मिलिमीटरची आणि आपली ५ मिलिमीटरहून जाड, त्यामुळे ती सैल बसते. डबी वजनाने लोंबते, आत बारीक ठिणग्या पडतात, नेट तुटत राहतं. ब्रिटिश चौकोनी पिन तर कन्व्हर्टरशिवाय आत जातच नाही, आणि कन्व्हर्टर म्हणजे आणखी एक सैल सांधा. भारतीय पिनेचा अडॅप्टर मिळत नसेल तर विकत घेण्याआधी दोनदा विचार करावा.

विजेच्या तारेतून अख्ख्या शहराला इंटरनेट देण्याचे प्रयोगही झाले. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅनॅसस शहराने २००५ मध्ये ही सेवा सुरू केली, तेव्हा तिचा बराच गाजावाजा झाला. २०१० मध्ये ती बंद करावी लागली. लहर ट्रान्सफॉर्मर ओलांडत नाही, त्यामुळे जागोजागी यंत्रं बसवावी लागतात, आणि तोवर केबल आणि फायबर पुढे निघून गेलेले असतात. ही युक्ती जगात टिकली आणि वाढली ती मीटर वाचण्यासाठी. फ्रान्समध्ये घरोघरी बसलेले लिंकी मीटर आपलं रीडिंग विजेच्या तारेवरूनच पाठवतात. दिवसातून चार आकडे पाठवायला वेग लागतो कुठे?

मग घ्यायचा की नाही?

फ्लॅटमध्ये भिंतीच्या कडेने किंवा दरवाजाच्या चौकटीवरून कॅट-६ केबल नेता येत असेल, तर तीच न्यावी. २० मीटर केबल काही शे रुपयांत येते, पलीकडे एक जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला की झालं. तिला ना पंपाचा त्रास, ना चार्जरचा. फक्त ती विजेच्या वायरीच्याच पाइपमधून ओढू नये. इन्सुलेशन कुठे सोललं गेलं तर २३० व्होल्ट थेट लॅपटॉपपर्यंत येतात.

पॉवरलाइनची जागा त्यानंतर येते. भाड्याचं घर, भिंतीला खिळाही मारायची परवानगी नाही, मधे चिऱ्याची जाड भिंत, आणि दोन्ही खोल्या एकाच मीटरवर, एकाच फेजवर. अशा ठिकाणी तो खरोखर उपयोगी पडतो, कधीकधी मेश वायफायपेक्षाही, कारण मेशच्या दोन डब्यांनाही एकमेकींशी बोलायला तीच भिंत ओलांडावी लागते. वायरिंग जुनी आणि ठिकठिकाणी टेप गुंडाळलेली असेल, तर नको.

आपल्या घरात चालेल की नाही, हे लावून पाहिल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, इलेक्ट्रिशियनसुद्धा नाही. म्हणून परत घेण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावा आणि मुदत संपण्याआधी त्याची खरी परीक्षा घ्यावी. दुपारी सगळं शांत असताना नव्हे, तर संध्याकाळी सातला, टीव्ही, मिक्सर आणि सगळे चार्जर सुरू असताना, पंप चालू असताना, आणि एकदा मेन स्विच पाडून इन्व्हर्टरवरही. आधी दोन्ही डब्या एकाच खोलीत लावून वेग मोजावा, मग एक बेडरूममध्ये नेऊन. पहिल्या मोजणीतच वेग कमी आला तर दोष डबीचा किंवा तिच्या जोडणीचा, दुसऱ्यात पडला तर वायरिंगचा.

विजेच्या बिलाची काळजी नको. दोन अडॅप्टर दिवसरात्र सुरू ठेवले आणि प्रत्येकाने तीन वॉट घेतले, तर महिन्याला साधारण सव्वाचार युनिट होतात.

काळजी करायचीच तर मे महिन्यातल्या वळिवाची आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाची करावी, कारण कोकणात विजा कडाडतात त्या मुख्यतः तेव्हा. अडॅप्टर एका बाजूने विजेच्या तारेला आणि दुसऱ्या बाजूने राउटरला जोडलेला असतो, आणि स्पाइक गार्डमागे तर तो लावता येत नाही. तारेतून आलेल्या झटक्याला राउटर, टीव्ही आणि लॅपटॉपपर्यंत जायला तो एक जास्तीचा रस्ता देतो. गडगडाट सुरू झाला की दोन्ही डब्या प्लगमधून काढून ठेवायच्या आणि त्यांची नेटवर्क केबलही सोडवायची.